फोन, पैसा आणि हक्क: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खात्यातून पैसे गेले की लोक सायबर सुरक्षेचं विचारतात आणि पोलिसांनी मोबाइल ठेवून घेतला की हक्कांचं. या पानावर दोन्ही एकत्र घेतलं आहे, कारण आजच्या मोठ्या फसवणुका पोलीस, कोर्ट आणि बँक यांच्या धाकावर चालतात. पोलिसांना काय करता येतं आणि काय येत नाही हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाला तो धाक घालणं अवघड जातं. कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांची दिली आहेत.

पैसे आत्ताच खात्यातून गेले. आधी काय करू?

१९३० लावा. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. नाशिककरांना तो लक्षात ठेवायला सोपा आहे: काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला ते साल. लाइन लागली नाही तर लावत राहा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी त्याच वेळी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरायला बसवा.

घाई कशासाठी, ते समजून घ्या. चोरलेले पैसे पहिल्या खात्यात थांबत नाहीत. काही मिनिटांत ते चार-पाच खात्यांत वाटले जातात, तिथून पुढच्या खात्यांत, आणि शेवटी एटीएममधून रोख किंवा क्रिप्टो होऊन बाहेर पडतात. १९३० वर नोंद झाली की पैसे ज्या बँकेत पोहोचले असतील तिला यंत्रणेतून कळवलं जातं आणि जेवढी रक्कम त्या क्षणी खात्यात उरली असेल तेवढी अडवली जाते. रोख काढून झाली असेल तर अडवायला काही उरत नाही. म्हणून शाखा उघडण्याची वाट बघू नका, रविवार असो की दिवाळी.

फोनवर हे विचारलं जातं: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ, समोरच्याचा मोबाइल किंवा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा क्रमांक १२ अंकी असतो, एनईएफटीचा १६ अक्षर-अंकांचा, आरटीजीएसचा २२. हा क्रमांक चुकला तर तक्रार भलतीकडे जाते, म्हणून तो तोंडी आठवून सांगू नका, मेसेज समोर ठेवून वाचा. नंतर मेसेजवर पोच क्रमांक येतो. त्या आधारे २४ तासांच्या आत संकेतस्थळावर पूर्ण तक्रार भरायची असते. ही पायरी बरेच जण विसरतात.

त्याच वेळी बँकेच्या कार्डामागच्या क्रमांकावर फोन करून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगा आणि बँकेचा तक्रार क्रमांक वेगळा घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’चा नंबर लावू नका. घाबरलेला माणूस असाच शोधतो हे ठगांना माहीत असतं, आणि दुसऱ्यांदा पैसे जातात ते इथेच.

चॅट, कॉल नोंद, मेसेज यातलं काहीही पुसू नका. लाज वाटते म्हणून लोक सगळं डिलीट करतात आणि मग तपासाला हातात काही राहत नाही.

नाशिक शहर आणि ग्रामीण यातलं नेमकं कुठलं पोलीस ठाणं?

शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे आणि सिन्नर, निफाड, मालेगाव वगैरे तालुक्यांसाठी नाशिक ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. दोन्हीकडे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणं आहे. पण ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे परत पाठवण्याचं कारण होऊ शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर घ्यावीच लागते. शून्य क्रमांकानं गुन्हा दाखल करून तो संबंधित ठाण्याकडे वर्ग करायचा असतो. खबर ईमेलनंही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

१९३० वरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. पैसे अडवण्यासाठी ती पुरते, पण गुन्हा दाखल झाला का हे वेगळं विचारा आणि एफआयआरची प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते. नकार मिळाला तर तक्रार लेखी स्वरूपात टपालानं अधीक्षकांकडे पाठवा, शहरात असाल तर आयुक्तालयातल्या वरिष्ठांकडे. तरीही हाललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, हेही लक्षात असू द्या.

बँक पैसे परत देईल का?

पैसे कसे गेले यावर ते ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्याच कुणाच्या यंत्रणेतून व्यवहार झाला, अशा वेळी बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं तरी भार शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित भार: साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, मूलभूत बचत खात्याला ५,०००. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची, हे बँकेवर बंधन आहे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच. शाखेत हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून अर्जात परिपत्रकाची तारीख लिहा.

आता कडू भाग. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला तरी तो बँकेचा. त्यामुळे कळवल्याची वेळ नोंदलेली असणं हाच तुमचा आधार.

नाशिक जिल्ह्यात सहकारी बँका आणि पतसंस्था गल्लोगल्ली आहेत आणि लोक दोन्हींना ‘बँक’च म्हणतात. सहकारी बँकांना हेच नियम डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकानं लागू झाले. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तिथली तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाते. पासबुकावर ‘बँक’ हा शब्द आहे की नाही ते आजच बघून घ्या.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८.

व्हिडिओ कॉलवर पोलीस आहेत आणि ‘डिजिटल अटक’ केली म्हणतात. हे खरं असू शकतं का?

नाही. भारताच्या कुठल्याही कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्ट नाही.

कॉल कसा चालतो ते जवळून बघण्यासारखं आहे. पहिला आवाज कुरिअर कंपनीचा किंवा टेलिफोन खात्याचा: तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिममधून गुन्हा झालाय. तो फोन ‘मुंबई पोलिसां’ना जोडून देतो. पडद्यावर खाकी वर्दी, मागे बोधचिन्ह, टेबलावर छोटा झेंडा. मग व्हॉट्सॲपवर न्यायालयाच्या शिक्क्याचा कागद येतो, त्यावर तुमचं नाव. तिसरी पायरी एकांताची: दार लावा, कुणाशी बोलू नका, कॅमेरा चालू ठेवा, झोपतानाही. शेवटी ‘पैसे स्वच्छ आहेत का तपासण्यासाठी’ सगळी रक्कम एका सरकारी खात्यात ठेवा, तपास झाला की परत मिळेल. निवृत्त माणूस मुदत ठेव मोडायला बँकेत जातो तेव्हा कॉल चालूच असतो, फोन शर्टाच्या खिशात, कॅमेरा बाहेर डोकावत. काउंटरवरच्या मुलीनं कारण विचारलं तर काय सांगायचं तेही पढवलेलं असतं: घराचं काम, नातवाचं शिक्षण.

या प्रत्येक पायरीला कायद्यात उत्तर आहे. अटक प्रत्यक्ष होते, अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर होतो, कुटुंबाला कळवावं लागतं, आणि संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याला दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. साठीच्या पुढच्या व्यक्तीला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या परवानगीशिवाय अटक नाही. हजर राहण्याची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. आणि तपासासाठी पैसे भरून घेण्याची पद्धत कुठल्याही यंत्रणेत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयानं अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

कॉल कापणं हा गुन्हा नाही. कापा, फोन बंद करा, शेजाऱ्याचं दार वाजवा. घरातलं कुणी खोलीत कोंडून घेऊन दबक्या आवाजात बोलत असेल तर बाहेरून वाद घालत बसू नका. आत जाऊन शेजारी बसा आणि फोन हातातून घ्या. त्या माणसाला आपण मूर्ख ठरलो असं वाटू देऊ नका. आयुष्यभर कायदा पाळणारा माणूस या जाळ्यात लवकर अडकतो, कारण वर्दीचा शब्द त्याला मोडवत नाही.

चलन, लग्नपत्रिका किंवा शेतकरी योजनेची फाइल उघडली. आता?

फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके उघडली की फोन विचारतो, ‘अनोळखी स्रोतातून इन्स्टॉल करू द्यायचं का?’ त्यानंतर मेसेज वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली जाते. ही दुसरी परवानगी दृष्टिहीनांच्या सोयीसाठी बनवलेली आहे. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबतं. ओटीपी कुणाला सांगितला नाही तरी पैसे गेले, असं लोक शपथेवर सांगतात. ते खरं बोलत असतात.

फाइल नुसती डाउनलोड झाली असेल आणि उघडली नसेल तर पुसून टाका, पुरे. इन्स्टॉल झाली असेल तर या क्रमानं:

१. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा.
२. सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी चोराकडे जाणार नाहीत.
३. दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३०.
४. फाइल कुठल्या नंबरवरून आली, तिचं नाव काय, याचे फोटो दुसऱ्या फोननं काढा.
५. फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण धरून ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून ठेवलं की पर्याय येतो. सेटिंग्जमधून आधी ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनमधून त्या ॲपची परवानगी काढा, मग ॲप काढा. उलट क्रमानं गेलात तर ‘अनइन्स्टॉल’ दाबलंच जात नाही.
६. पैसे गेले असतील तर फॅक्टरी रीसेट करण्याआधी पोलिसांना विचारा, कारण रीसेटनं पुरावाही जातो. पैसे गेले नसतील तर रीसेट कराच.
७. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला आणि व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघून अनोळखी काही असेल तर काढा.

ॲपचं चिन्ह दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. अशी ॲप्स स्वतःचं चिन्ह लपवतात आणि यादीत ‘सिस्टीम अपडेट’सारख्या नावानं बसतात. तुमच्या नंबरवरून तीच फाइल भाऊबंदांच्या गटात गेली असेल तर तिथे लगेच कळवा. काकांनी पाठवली म्हणजे खरी, असं समजून पुढचे दहाजण ती उघडतात.

आधारची झेरॉक्स देणं किती धोक्याचं?

झेरॉक्सपेक्षा ती काढून घेण्याची रीत जास्त धोक्याची आहे. सीबीएस किंवा कॉलेज रोडवरच्या कुठल्याही दुकानात बघा: मुलं आधारची पीडीएफ दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात, दुकानदार ती संगणकावर उघडतो, प्रिंट देतो आणि फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच राहते. पुढचं गिऱ्हाईक त्याच संगणकाला पेन ड्राइव्ह लावतं. पासवर्ड असला तरी उपयोग थोडा, कारण तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल असा ठरलेला असतो. प्रिंट झाल्यावर फाइल तुमच्यासमोर पुसायला सांगा, रीसायकल बिनमधूनही. त्यात संकोच कसला?

हॉटेल, लॉज, भाडेकरार अशा ठिकाणी मास्क्ड आधार द्या. त्यावर फक्त शेवटचे चार अंक दिसतात आणि ते आधारच्या संकेतस्थळावरूनच मिळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानं बँक खातं आणि मोबाइल सिमला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. दुसरा ओळखपुरावा चालतो.

अंगठ्यानं पैसे काढण्याची सोय वापरत नसाल तर एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. खरेदीखतासारख्या दस्तांवर अंगठ्याचे ठसे असतात, आणि दस्ताच्या प्रतींवरून ठसे उचलून सिलिकॉनचे बनवल्याचे प्रकार देशात उघडकीला आले आहेत. रेशन किंवा पेन्शनसाठी ठसा लागतो तेव्हा लॉक तात्पुरतं उघडता येतं. मदतीला १९४७.

मोबाइलचं नेटवर्क अचानक गेलं. काळजीचं कारण आहे का?

शेजाऱ्याचं त्याच कंपनीचं नेटवर्क चालू असेल तर आहे. तुमच्या नावानं दुसरं सिम निघालेलं असू शकतं. लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा. कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, हे *#२१# लावून कळतं. ##००२# लावलं की सगळी वळवणी रद्द होते. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. फोन चोरीला गेला तर तो तिथूनच बंद करता येतो, त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. *#०६# लावून तो क्रमांक आजच वहीत लिहून ठेवा.

मी काही केलं नाही, तरी माझं खातं गोठवलं. असं करता येतं?

हा प्रश्न लासलगाव, पिंपळगावच्या व्यापाऱ्यांकडून आणि छोट्या दुकानदारांकडून सारखा येतो, आणि इथे अन्याय होतो हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

समजा तुम्ही कांदा विकला आणि समोरच्यानं ८,००० रुपये यूपीआयनं दिले. ते पैसे तीन-चार खात्यांमागे कुणाच्या तरी फसवणुकीतून आलेले होते. दूरच्या राज्यातल्या पोलिसांनी त्या साखळीतली सगळी खाती बँकेला कळवली आणि बँकेनं ८,००० च्या ऐवजी तुमचं तीन लाखांचं अख्खं खातं बंद केलं. मजुरी, खतवाल्याचं देणं, मुलाची फी, सगळं अडकलं.

पोलिसांना संहितेच्या कलम १०६ खाली संशयित मालमत्ता जप्त करता येते, आणि बँक खातं ही अशी मालमत्ता आहे हे सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात १९९९ मध्ये ठरवलं. पण जप्ती दंडाधिकाऱ्यांना तातडीनं कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अशा खातेदारांच्या बाबतीत वादातल्या रकमेपुरताच अडसर ठेवण्याचा आदेश दिला.

करायचं असं. बँकेकडून लेखी घ्या: कुठल्या पोलीस ठाण्याचं पत्र, तक्रारीचा पोच क्रमांक, वादातली रक्कम. ‘वरून आलंय’ हे उत्तर स्वीकारू नका. मग त्या ठाण्याला ईमेलनं बिल, बाजार समितीची पावती, वाहतूक चिठ्ठी आणि ग्राहकाशी झालेलं चॅट पाठवा आणि तेवढीच रक्कम अडवून (बँकेच्या भाषेत ‘लीन’) ठेवून खातं मोकळं करण्याची मागणी करा. त्याच अर्जाची प्रत बँकेला. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, नाहीतर उच्च न्यायालय. कुणी ‘खातं सोडवून देतो, इतके टक्के द्या’ म्हटलं, मग तो पोलिसांचा माणूस असल्याचं सांगत असला तरी, देऊ नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, क्रमांक १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतल्यांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

मित्र म्हणतो, खातं आणि एटीएम कार्ड वापरायला दे, महिन्याला पैसे मिळतील.

देऊ नका. चोरीचा पैसा पहिल्यांदा ज्या खात्यात येतो ते खातं बहुधा असंच एखाद्या विद्यार्थ्याचं असतं. पोलीस आधी त्याच्या दारात येतात. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणण्यासारखं त्याच्याजवळ काही उरत नाही, कारण पैसे घेतलेले असतात.

नाकाबंदीत पोलिसांनी मोबाइल उघडून दाखवायला सांगितलं तर?

वाहनाची कागदपत्रं मागणं आणि खासगी मेसेज चाळणं या निराळ्या गोष्टी. रस्त्यात थांबवून कुणाचंही चॅट बघण्याचा सरसकट अधिकार पोलिसांना नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांचा २४ ऑगस्ट २०१७ चा एकमुखी निकाल आहे. गुन्ह्याच्या तपासात फोन हवा असेल तर कलम ९४ खाली तो हजर करण्याचा लेखी आदेश देता येतो, किंवा जप्ती करता येते. जप्तीला पंचनामा लागतो आणि कलम १०५ नुसार तिचं ध्वनिचित्रीकरण करावं लागतं.

धक्काबुक्की, हुज्जत नको. शांतपणे विचारा: कुठल्या गुन्ह्यात, कुठल्या कलमाखाली? फोन घेतलाच तर जप्तीची पोच मागा. तीत आयएमईआय, फोनची अवस्था, सिम आणि मेमरी कार्ड लिहिलेलं हवं. आतल्या डेटाची प्रत काढली जाईल तेव्हा हॅश व्हॅल्यू नोंदवायला सांगा. हा त्या डेटाचा ठसा समजा: नंतर एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो द्यावाच लागतो, आणि तुमच्या फोनमध्ये नंतर काही घातलं गेलं तर तोच तुम्हाला वाचवतो. पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते का यावर न्यायालयांचे निकाल वेगवेगळे आहेत. अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीची सक्ती करता येत नाही, म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय होही म्हणू नका, नाहीही.

साक्षीदार म्हणून बोलावणं आलं असेल तर स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं आणि साठीपुढचे नागरिक यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारायचं असतं.

गटात कुणीतरी आक्षेपार्ह पोस्ट टाकली. ॲडमिन म्हणून मी अडकेन का?

केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. समान हेतू किंवा आधीच ठरवून केलेली योजना दिसली तरच ॲडमिनवर जबाबदारी येते. सणावाराला येणाऱ्या ‘ॲडमिनवर गुन्हा दाखल होईल’ अशा संदेशांनी घाबरून गट बंद करण्याचं कारण नाही. पोस्ट काढा, त्या सदस्याला बाहेर करा, आणि काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

स्वतः लिहिताना हे माहीत असावं की आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ आता अस्तित्वात नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यातून उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम घटनाबाह्य ठरलं. त्यानंतरही ते लावलं जात होतं, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. नोटिशीत आजही ते दिसलं तर तिथल्या तिथे हरकत घ्या. धार्मिक तेढ, धमकी, बदनामी यांची कलमं मात्र जागच्या जागी आहेत.

कुणीतरी खासगी फोटो पसरवायची धमकी देतंय.

पैसे देऊ नका. एकदा दिलेत की मागणी थांबत नाही, वाढते. चॅट आणि त्या खात्याचा पत्ता जपून ठेवा, मग ब्लॉक करा. राष्ट्रीय संकेतस्थळावर स्त्रिया आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते, मात्र तपास पुढे न्यायचा असेल तर नाव लागतं. फोटो प्रसिद्ध झाला असेल तर त्या समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवा. २०२१ च्या नियमांत अशा मजकुरासाठी २४ तासांची मुदत होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती दोन तासांवर आली आहे. फोटो खोटा, यंत्रानं बनवलेला असला तरी नियम हाच. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी १०९८. आणि मुलगी सांगायला आली तर पहिला प्रश्न ‘फोटो पाठवलाच कशाला’ हा नसावा. त्या एका वाक्यानं ती पुन्हा कधीच सांगणार नाही, आणि ठगाला नेमकं तेच हवं असतं.

सरकारनं इंटरनेट बंद केलं तर काही विचारता येतं का?

येतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये नाशिक जिल्ह्यात मोबाइल इंटरनेट बंद होतं तेव्हा यासाठी वेगळे नियमच नव्हते. ते २०१७ मध्ये आले आणि २०२४ मध्ये नव्यानं झाले. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बंदीचा आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, आणि बंदी गरजेपुरतीच हवी. आता आदेश राज्याच्या गृह सचिवांच्या पातळीवर निघतो, त्यात कारण, क्षेत्र आणि कालावधी असावा लागतो, एका आदेशाची मुदत १५ दिवसांच्या वर जात नाही. आदेशाची प्रत मागा. ती मिळाली नाही तर हाच उच्च न्यायालयात दाद मागण्याचा पहिला मुद्दा होतो. बंदीच्या काळात *९९# लावून इंटरनेटशिवाय यूपीआयनं ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. त्याची नोंदणी आधीच करून ठेवावी लागते.

द्राक्ष निर्यातीचे पैसे दुसऱ्याच खात्यात गेले. ईमेल तर आमच्याच पत्त्यावरून होता.

आमच्याच पत्त्यासारख्या दिसणाऱ्या पत्त्यावरून होता. नावातल्या ‘एम’ऐवजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी टाकले की छोट्या पडद्यावर फरक कळत नाही. त्याआधी काही आठवडे कुणीतरी तुमची किंवा ग्राहकाची मेलपेटी गुपचूप वाचत असतं, कंटेनर कधी निघाला तेही त्याला ठाऊक असतं. बिलाच्या दिवशीच ‘खातं बदललंय’ अशी मेल जाते.

उपाय स्वस्त आहे: खाते क्रमांक ईमेलवरून कधीच बदलणार नाही, हे करारात लिहा आणि पहिल्या मालाआधी ग्राहकाला फोन करून सांगा. मेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. मेलच्या सेटिंगमध्ये आपोआप पुढे पाठवण्याचा नियम कुणी लावलाय का ते दर महिन्याला बघा, सातपूर-अंबडच्या कारखान्यांनीही. पैसे गेलेच तर ग्राहकाच्या बँकेनं त्याच दिवशी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून परतीची मागणी करायला हवी. यंत्रणेत घुसखोरी झाली असेल तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे.

सिंहस्थासाठी खोली, तंबू ऑनलाइन बुक करावा का?

फक्त खात्री झालेल्या ठिकाणी. नकाशावरचे फोटो आणि नंबर कुणालाही बदलता येतात. आगाऊ रक्कम मागितली तर जागेचा पत्ता विचारा आणि नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरमधल्या ओळखीच्या कुणाला प्रत्यक्ष बघून यायला सांगा. पैसे व्यक्तीच्या नावाच्या खात्यात मागत असतील तर सोडून द्या.

आणि सिंहस्थातले कॅमेरे? चेहरे ओळखले जाणार असतील तर हरकत घेता येते?

गर्दीत हरवलेलं लेकरू शोधायला कॅमेरा उपयोगी पडतो. रामकुंडावरची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रश्न पर्वणी उलटून गेल्यावरचा आहे: ते चित्रण कुणाकडे, किती दिवस, कशासाठी? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार खासगीपणात हात घालायचा तर कायद्याचा आधार, योग्य उद्देश आणि उद्देशाच्या प्रमाणात उपाय, या तिन्ही गोष्टी लागतात. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोयही त्यात आहे, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर राहू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. म्हणून थेट विचारा: चेहरा ओळखण्याची प्रणाली वापरली जाणार का, कुठल्या आदेशानं? चित्रण किती दिवस ठेवणार? कंत्राटदार कोण, आणि कराराची प्रत? चित्रण बघण्याचा अधिकार कुठल्या हुद्द्यांना? पुसल्याची नोंद कुठे ठेवली जाते? अर्ज महापालिकेला एक आणि पोलीस आयुक्तालयाला एक, असे वेगवेगळे द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.